आरसा नावाची सुरी

१

काचेचं कपाट बंद होतं, कुलूप शाबूत होतं, आतलं लाल मखमली फडकं घडी घालून जागच्या जागी होतं. फक्त फडक्यात सुरी नव्हती.

आबांनी फडकं झटकलं. उलटं केलं, सुलटं केलं, पुन्हा झटकलं. वीतभर लांब सुरी घडीत कुठे दडून बसणार? पण माणसाचा धीर सुटला की तो असंच करतो. आबांनी तर शर्टाचे खिसेसुद्धा चाचपून पाहिले. मग त्यांनी अशी काही बोंब ठोकली की समोरचा घड्याळवाला दुकानाबाहेर येऊन आभाळाकडे बघायला लागला.

"आरसा गेला!"

आरसा हे सुरीचंच नाव. तिचं पातं इतकं लखलखीत की त्यात बघून खुशाल भांग पाडावा. आबांचं दुकान सुऱ्या-कात्र्यांचं, पुढे विक्री आणि मागे कारखाना, त्यामुळे सुऱ्यांना तिथे तोटा नव्हता. पण आरसा दुकानाचा नव्हता, हीच तर पंचाईत होती. तो होता चौकापलीकडच्या खानावळवाल्या बाईंचा. बाईंच्या मुलीवर आबांच्या धाकट्या मुलाचं मन बसलं होतं, तिचंही त्याच्यावर बसलं होतं, आता बाईंचं बसायचं तेवढं बाकी होतं.

आठवड्यापूर्वी बाई दुकानात आल्या, पिशवीतून सुरी काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "सासूबाईंची आहे. मूठ तडकलीय. नवी बसवा, बाकी जशी दिली तशी परत करा. रविवारी संध्याकाळी मुलीला घेऊन येते. आधी सुरी बघेन, मग पुढचं बोलू."

म्हणजे परीक्षाच. आणि आज रविवार होता, दुपार कलायला लागली होती.

"धाकट्या!" आबा गरजले. "कुठे हरवलीस?"

धाकटा पायऱ्यांवर बसला होता, तो पांढराफटक पडला. त्याच्यावर संशय येणं साहजिक होतं. त्याने आजवर छत्र्या हरवल्या होत्या, सायकलची किल्ली हरवली होती, एकदा तर घरी येताना पायातली एकच चप्पल हरवून आला होता. दुसरी पायात असताना एक कशी हरवते, हे कोडं घरात अजून सुटलेलं नव्हतं.

"मी हातसुद्धा लावला नाही, आबा. म्हणजे... मला तरी आठवत नाही."

"आठवत नाही म्हणे! बोलवा रे अक्काला कुणीतरी!"

२

अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण, पोरांची आत्या. तिने सारी नोकरी बस आगारातल्या 'हरवले-सापडले' खिडकीत काढली होती. लोक रडत यायचे, ओरडत यायचे, खोटं बोलत यायचे. कवळीपासून पिंजऱ्यातल्या पोपटापर्यंत सगळं तिच्या फळीवर येऊन गेलं होतं. तिची आवडती गोष्ट छत्रीवाल्या गृहस्थाची. ते कित्येक महिने काळी छत्री मागायला यायचे. त्यांच्या नाकासमोर रोज एक तपकिरी छत्री टांगलेली असायची. ती त्यांचीच होती. खिडकीतल्या उन्हाने तिचा रंग उडाला होता. गृहस्थ रोज तिच्याकडे बघायचे, सुस्कारा सोडायचे आणि निघून जायचे.

आत्या आली तेव्हा आबा दारात एका झाडूविक्याला हाकलत होते. "नको म्हटलं ना? तोंड काळं कर इथून!" झाडूविक्या गेला. मग दुकानातलं मांजर आडवं आलं, त्यालाही आबांनी तोंड काळं करायला सांगितलं. तेवढ्यात आत्याचा पाय जमिनीवरच्या पाण्यात सरकला.

"अगंबाई! हे पाणी कसलं?"

"गळक्या बादलीचं," आबा कपाळावर हात मारून म्हणाले. "परवा कानीकपाळी ओरडून सांगितलं, त्या बादलीचं तोंड काळं करा म्हणून! ऐकतंय कोण? या घरात माझ्या शब्दाला काडीची किंमत नाही."

आत्या सावरून खुर्चीवर बसली. "आधी मला चहा टाका कुणीतरी."

हे ऐकताच कोपऱ्यातून शाईमामा उठले आणि सूनबाई जिवाच्या आकांताने त्यांच्या आधी स्वयंपाकघराकडे धावली. "मामा, तुम्ही बसा! मी ठेवते चहा!"

शाईमामा आबांचे मेहुणे. आबांची बायको गेली ती भाऊ मागे ठेवून गेली. मागच्या शेडमध्ये पात्यांना काळं करायचं काम त्यांचं. हल्ली गिऱ्हाइकांना काळ्या पात्याच्या सुऱ्या लागतात, चकचकीत जुन्या वाटतात. मामांचे हात त्या औषधाने कायमचे निळेकाळे झालेले, म्हणून शाईमामा. माणूस सरळ, इतका सरळ की ऐकणाऱ्याचा घाम निघावा. एकदा त्यांना चहा टाका म्हटलं तर त्यांनी भरलं पातेलं मोरीत नेऊन ओतलं होतं. एकदा आबा रात्री म्हणाले, "मामा, दुकान वाढवा आता," तर बंद करायचं सोडून मामा रस्त्यापर्यंत फळ्या मांडत सुटले.

"आत्या," धाकटा हळूच म्हणाला, "सुरी सापडली नाही तर संपलं गं सगळं. बाई म्हणतील, ज्या घरात एक सुरी आठवडाभर नीट राहत नाही तिथे माझी मुलगी काय राहणार."

"बरोबरच म्हणतील," आत्या म्हणाली. भाच्याचं तोंड बघून तिला वाईट वाटलं, म्हणून तिने पुढे जोडलं, "पण अजून म्हणालेल्या नाहीत ना? चल, कपाट दाखव."

३

कपाटाचं कुलूप भक्कम होतं. त्याची किल्ली शेजारच्याच खिळ्याला टांगलेली होती.

"हे काय?"

"किल्ली हरवू नये म्हणून," आबा म्हणाले.

आत्याने मखमली फडकं उचललं आणि नाकाला लावलं. मग त्याची घडी उलगडून एका टोकाला चिकटलेलं काहीतरी नखाने सोडवलं. लिंबाची बी होती.

तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आली. तिच्या माहेरी तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान, आणि ते ती कुणाला विसरू देत नसे. आत्याने घोट घेतला. "चहा झकास. तुझ्या हाताला चव आहे. आणि भांडी काय लखलखतात गं तुझी!"

"आमच्या माहेरचं वळणच आहे तसं," सूनबाई फुलली. "वडील म्हणायचे, गिऱ्हाईक भांडं बघत नाही, भांड्यात स्वतःला बघतं. आम्ही पोरी बसायचो घासत, लिंबू आणि मीठ घेऊन..."

ती मध्येच थांबली. तिची नजर आत्याच्या बोटांकडे गेली. बोटांत बी होती.

"स्वयंपाकघरात दूध राहिलंय गॅसवर," असं म्हणून सूनबाई पसार झाली. घरात दूध संपलं होतं, आत्याच्या चहातच शेवटचं पडलं होतं. आत्याने चहा संपवला आणि ती मागच्या कारखान्यात गेली.

तिथे थोरला भाचा, म्हणजे सूनबाईचा नवरा, टेबलाशी उभा होता. धार लावणं, घासणं, मुठी बसवणं, सगळं त्याच्याकडे. हातात नवी मूठ होती आणि तो तिच्यावरून उगाचच पुन्हा पुन्हा हात फिरवत होता.

"मूठ छान झालीय रे."

"हो, पण डोक्याला ताप झाला. आपल्या पात्यांना दोन भोकं असतात, आरशाला तीन. जुन्या पद्धतीचं काम ना. तयार मूठ चालेना, मुद्दाम करावी लागली." त्याने जुनी तडकलेली मूठ दाखवली. तिलाही तीन भोकं होती. "आता पातंच नाही म्हटल्यावर मूठ घेऊन काय करू, कपाळात बसवू?"

"पातं तू शेवटचं कधी पाहिलंस?"

"मंगळवारी. मूठ काढली, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं. त्यानंतर पाहिलंच नाही."

"घासायचं यंत्र कधी चालवलंस?"

"ते तर दोन-तीन दिवस बंदच आहे."

आत्याने यंत्राकडे पाहिलं. कारखान्यात सगळीकडे काळी भुकटी बसली होती. खिडकीवर, कॅलेंडरवर, थोरल्याच्या भुवयांवरही. ते यंत्र मात्र अंघोळ घालून बसवल्यासारखं स्वच्छ होतं. चाकाखालचा पत्राही पुसलेला होता.

"अरे, या बिचाऱ्याला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी पुसलंय," ती म्हणाली.

थोरल्याच्या हातून मूठ खाली पडली.

४

आता थोरल्याला बोलतं करायचं एवढंच बाकी होतं. पण आत्या तोंड उघडणार तोच बाहेरून धाकट्याचा आवाज आला, आणि सगळं होत्याचं नव्हतं झालं.

"मी हरवली!" तो दुकानाच्या मधोमध उभा राहून सांगत होता. "आबा, सुरी मीच हरवली. दादाला नि वहिनीला काही विचारू नका."

आबांनी खुर्चीचा आधार घेतला. थोरला धावत आला, सूनबाई दाराआडून डोकावली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच नजरा दुसरीकडे वळवल्या. आत्याने तेही टिपून ठेवलं.

"कुठे हरवलीस?" तिने विचारलं.

"बसमध्ये."

"कुठे चालला होतास बसने?"

"म्हणजे बसमध्ये नाही. बागेत. बाकावर."

"उघडं पातं घेऊन बागेत गेला होतास? लोकांनी तुला बसू दिलं बाकावर?"

"नदीत पडली असेल," धाकटा रडकुंडीला येऊन म्हणाला.

"पडली असेल?"

"आत्या, मला खरंच आठवत नाही गं. पण या घरात एखादी वस्तू सापडेनाशी झाली की ती मीच हरवलेली असते. आजपर्यंत नेहमी मीच असतो. मग याही वेळी मीच असणार ना? उगाच सगळ्यांना कशाला त्रास? मी जातो, बाईंच्या पाया पडतो, सांगतो की तुमची मुलगी माझ्या नशिबात नाही."

आणि तो खरोखर चप्पल शोधायला लागला. एक सापडली.

खिडकीत बसून आत्याने हजारो माणसं पाहिली होती, पण न हरवलेल्या वस्तूची चूक अंगावर घेणारं माणूस पहिल्यांदाच बघत होती. तिने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"तू हरवली असतीस ना, तर तुला जागा चटकन आठवली असती. हरवणारी माणसं एकच जागा सांगतात आणि तिथेच अडून बसतात. तीन जागा सांगतो तो ज्याने हरवलेली नसते. गप बस जरा."

"मग कुणी?" आबा कडाडले. "ज्याने कुणी हे केलंय ना, अक्का, त्याने आजच्या आज या घरातून तोंड काळं करावं! माझा सख्खा असला तरी!"

कोपऱ्यातले शाईमामा हे लक्षपूर्वक ऐकत होते. ते हळूच उठले आणि शेडकडे चालू लागले.

५

आत्या त्यांच्या मागोमाग गेली. मामा असे न सांगता कधी उठत नसत.

शेडमध्ये औषधाचा उग्र वास होता. एका बाजूला टब, एका बाजूला धुवायचं पाणी, आणि खिडकीत तेलाचा मोठा डबा. काळी केलेली पाती धुऊन त्या डब्यात उभी ठेवलेली होती, टोक खाली तेलात आणि मुठीकडची बाजू वर.

"मामा, कुठे निघालात घाईघाईने?"

"औषध पुरेल का बघतो," मामा टबात डोकावून म्हणाले. "अजून कुणाचं ठरलं नाही म्हणा, पण तयारी असलेली बरी."

आत्याला याचा अर्थ लागला नाही. "तुम्ही आरसा पाहिलात का, मामा? चकचकीत पातं, तोंड दिसेल असं?"

"नाही."

"नक्की?"

"तोंड दिसेल असं एकही पातं माझ्याकडे आलं नाही. खोटं कशाला बोलू?"

मामा खोटं बोलत नाहीत हे आत्याला माहीत होतं. त्यांना तेवढी कल्पनाशक्तीच नव्हती. लिंबाचा आणि यंत्राचा धागा तिच्या हाती लागला होता, पण तो कारखान्यातच तुटत होता. पुढे सुरी गेली कुठे? बाहेर उन्हं उतरली होती. बाई यायची वेळ होत आली. आपल्याला जमलं नाही तर तो वेडा पोरगा चप्पल सापडली की खरंच जाऊन लग्नावर पाणी सोडून येणार, या विचाराने ती खिन्न झाली. टेकायला म्हणून तिने हात लांबवला तर हाताला बादली लागली.

गळकी बादली. तीच ती. कोपऱ्यात पालथी घातलेली नव्हती, फेकलेली नव्हती, चांगली ऐटीत उभी होती. आणि तिच्या वरच्या काठाला, गोलाकार, अगदी निगुतीने, काळा रंग दिलेला होता.

"मामा," आत्या सावकाश म्हणाली, "हे काय आहे?"

"बादलीचं तोंड."

"ते काळं का केलंत?"

"भावोजींनी सांगितलं," मामा म्हणाले. "परवा. तुम्हालाही म्हणाले ना ते मघाशी, माझ्या शब्दाला किंमत नाही म्हणून? मी लगेच केलं होतं. त्यांनी बघितलंच नाही."

आत्याने बादलीकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि ती जी हसायला लागली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं. हसत हसतच ती तेलाच्या डब्याशी गेली आणि वर आलेल्या मुठीकडच्या बाजूंवरून बोट फिरवू लागली. दोन भोकं. दोन भोकं. दोन. दोन.

तीन.

६

तिने सगळ्यांना दुकानात बसवलं. हात पदराआड होते आणि पदराला तेलाचे डाग पडत होते, पण त्याची तिला फिकीर नव्हती.

"माझ्या खिडकीत एक काळ्या छत्रीवाले गृहस्थ यायचे," तिने सुरुवात केली.

"अक्का, छत्री राहू दे!" आबा म्हणाले.

"ऐक. वस्तू हरवली तरी ती आपली बदलत राहते. शोधणारा मात्र जुन्याच रूपाला चिकटून बसतो. तुम्ही सगळे मघापासून चकचकीत सुरी शोधताय. सुरी कुठेच गेलेली नाही. चकाकी गेलीय." ती सूनबाईकडे वळली. "फडक्याला लिंबाचा वास आहे, पोरी. कधी घासलंस?"

सूनबाई रडायलाच लागली. "काल सकाळी. भाऊजींचं लग्न ठरावं, सुरी अजून चमकावी, बाईंना वाटावं काय माणसं आहेत! पितळ कसं उजळतं लिंबाने. पण हे पातं बघता बघता निळंकाळं पडलं. जेवढं घासावं तेवढे डाग वाढले. मी घाबरले नि गुंडाळून परत ठेवून दिलं."

"साधं पोलाद आहे ते," थोरला पुटपुटला. "त्याला लिंबू म्हणजे विषच."

"आणि हे तुला कळलं कसं?" आत्या म्हणाली. "तू तर मंगळवारनंतर पाहिलंच नव्हतंस."

थोरला मान खाली घालून म्हणाला, "दुपारी मूठ जुळवून बघायला पातं काढलं, तर ही दशा. लिंबाची साल टेबलाखालीच होती. म्हटलं हिला आबा बोलतील. म्हणून यंत्रावर धरलं. घाईत भरड चाक लागलं. डाग पुसट झाले, पण पात्यावर रेघाच रेघा उठल्या. आता हाताने घासून पुन्हा उजळायला वेळ लागणार. म्हणून कुणाला ओळखू येऊ नये अशा बेताने आपल्या अर्धवट पात्यांच्या तारेवर टांगून ठेवलं. आज सकाळी बघतो तर तारेवरून गायब. मला वाटलं, धाकट्याने आम्हाला वाचवायला कुठेतरी लपवलं."

"मलाही तेच वाटलं," सूनबाई नाक ओढत म्हणाली.

"आणि मला वाटलं मीच हरवलं," धाकटा म्हणाला.

"बरं, मग तारेवरून नेलं कुणी?" आबा खुर्चीतून उठले. "त्याचंच नाव सांग मला. त्याला तर मी..."

"बस खाली," आत्या म्हणाली. "काल संध्याकाळी कारखान्यात जाऊन तू काय बोललास ते आठव. तारेवर एक डागाळलेलं, रेघारेघांचं पातं टांगलं होतं. आपल्या मालात असलं ध्यान बघून तुझं पित्त खवळलं असेल. मामा शेजारी होते. काय म्हणालास त्यांना?"

आबांनी तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं.

"म्हणाले," शाईमामांनी मदत केली, "'मामा, उद्या पाहुणे यायचेत, आधी या पात्याचं तोंड काळं करा.'"

आत्याने पदराआडून हात बाहेर काढला. पातं टोकापासून मध्यापर्यंत काळंकुळकुळीत होतं, इतकं नीट की सीमेवर पट्टी धरल्यासारखी रेघ होती. मध्यापासून पुढे ते करड्या रेघांचं होतं, आणि शेवटी तीन भोकं होती.

"मामा, हे अर्धंच का?" धाकट्याने विचारलं.

"तोंड म्हणाले," मामा म्हणाले. "अंग म्हणाले असते तर अंगही केलं असतं."

कुणाला हसू आवरेना, कुणाला रडू. आबा मात्र खाली बसले ते बसलेच. आपल्याच तोंडाने आपण मुलाचं वाटोळं केलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. थोरल्याने घाईघाईने मूठ आणली, भोकांना भोकं जुळली, खिळे ठोकले. शेवटचा घाव बसतो न बसतो तोच दारात चपला वाजल्या.

"आहेत का घरात सगळे?" खानावळवाल्या बाई म्हणाल्या.

७

बाई बसल्या. मुलगी त्यांच्या मागे उभी राहिली आणि तिने धाकट्याच्या एका पायात चप्पल आणि एक पाय मोकळा बघून ओठ दाबून धरले. सुरी टेबलावर होती. आता लपवून उपयोग नव्हता आणि आत्याने ती लपवूही दिली नसती.

बाईंनी सुरी उचलली. मूठ दाबून बघितली, मान डोलावली. मग पातं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हे कुणी केलं?"

"मी," धाकटा पुढे आला. "चूक माझी आहे."

"खोटं," सूनबाई म्हणाली. "भाऊजींनी हातही लावला नाही. लिंबू माझं."

"चाक माझं," थोरला म्हणाला. "हिने फक्त डाग पाडले, रेघा मी पाडल्या."

"औषध माझं," शाईमामा समाधानाने म्हणाले.

सगळे आबांकडे बघायला लागले. आबा उठले. गेल्या कित्येक वर्षांत त्यांचा आवाज इतका हळू कुणी ऐकला नव्हता. "आणि तोंड माझं. पोरांनी एकमेकांना सांभाळायला पाहिलं, मी नुसता ओरडत होतो. राग माझ्यावर काढा, बाई. पोराला नाही म्हणू नका."

आत्याने मग अथपासून इतीपर्यंत सगळं सांगितलं. बाई ऐकत होत्या. बादलीपर्यंत आल्यावर मुलीला हसू फुटलं, पण आईचा चेहरा काही बदलला नाही. धाकट्याने डोळे मिटून घेतले.

"म्हणजे सुनेची चूक नवऱ्याने झाकली," बाई शेवटी म्हणाल्या, "आणि दोघांची चूक दिराने अंगावर घेतली. स्वतः न केलेली."

"हो," आत्या म्हणाली.

"माझी एक चूक कुणी झाकली नाही हो." बाईंनी सुरी उजेडाकडे वळवली. "नवी नवरी होते तेव्हापासून सासूबाई माझी प्रत्येक चूक चव्हाट्यावर मांडायच्या. खानावळीत पोत्याने कांदे चिरायचे याच सुरीने. आणि मेलीत माझंच रडकं तोंड दिसायचं. अर्धं कांद्याने रडवलेलं, अर्धं त्यांनी. त्या गेल्या, मला वाटलं आता सुटले. पण सुरी होतीच. वस्तू चांगली, टाकवेना. रोज कांदा घेतला की ते तोंड पुन्हा समोर."

त्यांनी पातं चेहऱ्याजवळ नेलं. काळ्या अर्ध्यात काही दिसेना, रेघांच्या अर्ध्यातही दिसेना. त्यांचे डोळे भरून आले, आणि आसपास एकही कांदा नव्हता.

"दिसत नाही," त्या म्हणाल्या. "एवढं साधं मला कधी सुचलं नाही."

त्यांनी सुरी शाईमामांच्या हातात दिली. "मामा, उरलेलं अंगही काळं करा." मग मुलीचा हात धरून तिला पुढे ओढलं आणि सूनबाईच्या शेजारी उभं केलं. "हिलाही लोखंड आणि पितळ यातलं काही कळत नाही. चुका पुष्कळ करेल. असेच सगळे मिळून झाकणार असाल तर तारीख बघा."

धाकट्याने डोळे उघडले. आबांनी हात जोडले. सूनबाई आता मोठ्याने आणि सुखाने रडायला लागली.

बाई पदर सावरून उठल्या. जाता जाता त्यांनी आत्याकडे पाहून डोळे मिचकावले. "बराय, खानावळ उघडायची वेळ झाली. आता आम्ही मायलेकी इथून तोंड काळं करतो."

शाईमामा टबाकडे निघाले. आत्याने त्यांचा शर्ट मागून धरला.

"मामा, खाली बसा."

"पण त्या स्वतःच म्हणाल्या," शाईमामा म्हणाले.